खुराड्यावर टांगलेली लग्नं

माझ्या नवऱ्याने सीडी फोडायला घेतल्या, तेव्हा पहिल्याच घावाला एक तुकडा उडाला आणि त्याच्याच भुवईत घुसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो थांबला नाही. अंगणात त्याने दोन गोण्या ओतल्या होत्या आणि मुसळ दोन्ही हातांनी उचलून तो त्या ढिगावर आपटत होता. सीडी काचेसारखी सरळ फुटत नाही. आधी वाकते, मग एकदम तडकते आणि तिची टोकं चहूकडे उडतात. कोंबड्या ओरडत पळाल्या. ओटीवर तांदूळ निवडत बसलेली माझी सासू उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मुसळ वर गेलं तसं तिने ते मागून धरलं.

"या अंगणात मी अनवाणी फिरते," ती म्हणाली. "फोडायचंच असेल तर रस्त्यावर जा."

त्याने मुसळ सोडलं आणि तिथेच खाली बसला. मी त्याच्या भुवईतला तुकडा काढला आणि हळद भरली.

तलासरीला नाक्याजवळ त्याचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारसं, साखरपुडा असं सगळं तो करायचा, पण खरा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. डहाणूपासून पार गुजरातच्या हद्दीपर्यंत तो कॅमेरा घेऊन फिरलेला. प्रत्येक लग्नाच्या तो जास्तीच्या सीडी काढायचा आणि वर मार्करने नवरानवरीची नावं लिहायचा. लोक एक घेऊन जात, बाकीच्या नंतर नेतो म्हणत आणि येत नसत. मग पेनड्राइव्ह आला, त्यामागून सगळं मोबाइलवरच आलं, घराघरातले सीडी प्लेअर भंगारात गेले. शेवटी गाळा सोडावा लागला. त्या दिवशी तो टेम्पोतून कॅमेऱ्याची पेटी, जुना कॉम्प्युटर आणि गोण्या घेऊन घरी आला. भंगारवाला सीडीला हात लावत नव्हता. थोड्या जाळून पाहिल्या तर पाडाभर काळा धूर झाला आणि घशात कडवट चव बसली. मग त्याने मुसळ घेतलं. माझ्यावर त्याने कधी हात उचलला नाही, पण राग आला की वस्तू फोडायचा. मोबाइल, पंखा, एकदा तर आख्खा दरवाजा.

सासूने दुसऱ्याच दिवशी त्या गोण्यांची मालकी घेतली. ती शाळेत गेलेली नव्हती, सीडीत काय असतं याचं तिला काही नव्हतं. तिला दिसली एक गोल, गुळगुळीत, मधोमध भोक असलेली वस्तू. तिने एक सीडी चहाच्या ग्लासवर झाकली आणि मला दाखवली. माशी बसत नाही, वाफ भोकातून जाते. मग शिंक्याच्या दोरीत चार-पाच ओवल्या. उंदीर आढ्यावरून दोरीने उतरायचा, तो सीडीवर आला की पाय घसरून धाडकन खाली पडायचा, आणि ती अंधारात एकटीच हसायची. सीडीच्या भोकात उदबत्ती खोचली की राख ताटलीत पडावी तशी सीडीवर पडायची. सीडीचे ते उंच गोल डबे होते, त्यांत मटकीला मोड यायला लागले.

मीही मागे राहिले नाही. मी घरी शिवणकाम करायचे. ब्लाउजच्या गोल गळ्याला सीडी अशी चपखल बसायची की मी खडूने भोवती रेघ मारून मोकळी व्हायचे. सासूने त्यातही आपलं काढलं. माझी नागलीची भाकरी कधी गोल होत नसे. ती ताटातल्या भाकरीवर सीडी ठेवून कुठे पोट सुटलंय ते मला दाखवायची आणि मग निवांत जेवायची.

माझं माहेर नरपडचं. भावाची चिकूची वाडी आहे. वटवाघळं चिकू खातात म्हणून तो एक पिशवी सीडी घेऊन गेला आणि झाडाझाडाला टांगल्या. महिनाभराने फोनवर विचारलं, तर म्हणाला की वटवाघळं आता सीडीत बघून भांग पाडून येतात. रात्री येणाऱ्याला चमकणारी सीडी कशी दिसणार, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शेतात मात्र उपयोग झाला. भात पोटरीला आला तसे सासूने बांबू रोवले आणि दोऱ्यांना सीडी बांधल्या. वाऱ्यावर त्या फिरायच्या, उन्हाचे ठिपके भातावरून धावायचे, पोपट उतरत नसत. पाड्यातले लोक मागायला आले. घराच्या कोंबड्यांवर घार झडप घालायची म्हणून खुराड्याच्या चारी बाजूंनी तिने सीडींच्या माळा सोडल्या. येणारेजाणारे थांबून त्यांवरची नावं वाचायचे. एक जोडपं स्वतःची सीडी शोधायलाच आलं. ती सापडल्यावर बायको हसून हसून खाली बसली आणि जाताना सांगून गेली की आमची तिथेच राहू द्या, वारा चांगला लागतो.

त्या माळांवर पहिलं रक्त कोंबड्याचं सांडलं. आमच्याकडे एक तांबडा कोंबडा होता, अंगाने भरलेला, माणसांवरही धावून जाणारा. एक माळ खाली लोंबत होती. त्यात त्याला दुसरा कोंबडा दिसला. त्याने मान फुगवली आणि चोच मारली. सीडी फिरली, दुसरा कोंबडा गेला आणि परत आला. सकाळपासून तो त्याच्याशी लढत होता. आम्ही आधी हसलो. मी शेजारणीला बघायला बोलावलं. मग पाहिलं तर त्याचा तुरा फाटला होता, चोचीचं टोक तुटलं होतं आणि सीडी लाल झाली होती. त्याला धरलं तर त्याने माझ्या मनगटाला नख्या मारल्या आणि सुटून पुन्हा त्याच जागी गेला. सासूने माळ वर बांधली. तो दुपारपर्यंत तिथेच मान वर करून उभा होता, कापत.

त्यानंतर आठवडाभरातच तो माणूस आला.

तो आमच्याच पाड्यातला, ओढ्यापलीकडचा. हद्दीपलीकडच्या कारखान्यात कामाला जायचा. त्याचं लग्न माझ्या नवऱ्याने शूट केलं होतं. बायको वाणगावकडची. लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात त्याने तिचा हात मोडला आणि ती माहेरी निघून गेली, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या तोंडावर कुणी बोलत नसे. पण त्या दिवशी नाक्यावर चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं. तुझं लग्न अजून टिकलंय, म्हणाला, जाऊन बघ, खुराड्यावर लटकतंय. सगळे हसले. हे आम्हाला नंतर कळलं.

दुपारचं ऊन होतं. नवरा डहाणूला एका लग्नाच्या हॉलवाल्याकडे काम विचारायला गेला होता. मी ओटीवर मशीनवर बसले होते. सासू धुण्याच्या दगडाजवळ भांडी घासत होती. तो कुंपणातून आत आला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. आमच्याकडे कोयता हातात असणं नवीन नाही, गवत कापायला निघालेला माणूसही कोयता घेऊनच आत येतो आणि पाणी मागतो. म्हणून मी उठलेसुद्धा नाही.

"माझी कुठली?" त्याने विचारलं.

सासूला काय ते कळलं नाही. तिने विचारलं, काय तुझी? त्याने कोयत्याने माळांकडे दाखवलं. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. तुझी असेल ती तू घेऊन जा."

एवढ्यावर संपायला हवं होतं. त्याने माळा चाळल्या, एकेक सीडी वळवून पाहिली आणि त्याला त्याचं नाव सापडलं. बायकोच्या नावाशेजारी. त्याने ती ओढून काढली आणि दोन्ही हातांत धरून मोडायला गेला. ती वाकली, तडकली आणि त्याचा तळवा उभा चिरला गेला. त्याने हाताकडे पाहिलं. मग पायाशी पडलेला कोयता उचलला आणि माळा तोडायला सुरुवात केली. माळा संपल्या तसा खुराड्यावर घाव घालू लागला. आत पिलं होती. लाकूड फुटत होतं आणि पिलं ओरडत होती. तांबडा कोंबडा त्याच्या पायावर धावून गेला. त्याने एकाच घावात त्याची मान उडवली. धड अंगणभर धावलं आणि तुळशीपाशी पडलं.

सासू पुढे गेली. ती त्याला अडवायला गेली नव्हती, खुराड्याच्या फुटलेल्या बाजूने पिलं बाहेर काढायला वाकली होती. त्याने तिला खांद्याला धरून मागे फेकलं. तिचं डोकं धुण्याच्या दगडाच्या कडेवर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नारळ वाढवतात तसा होता.

मी धोपटणं उचललं. कपडे बडवायची लाकडी फळी, ओली, जड. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला आणि कोयता माझ्या उजव्या हातावर आला. दुखलं नाही. कोपराखाली मांस उघडलं आणि आतलं पांढरं दिसलं, मग ते लाल झालं. बोटांतून धोपटणं निसटलं, ते मी डाव्या हातात घेतलं. दुसरा फटका त्याच्या कानावर बसला आणि कान फाटला. तो खाली बसला, कोयता सुटला. मी तो पायाने लांब लोटला आणि मारत राहिले. पाठीवर, डोक्यावर, वर केलेल्या हातांवर. तो आई गं म्हणत होता. मी थांबले नाही. मला थांबायचंही नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कुणाला चापट मारली नव्हती, आणि आता हात आपोआप चालत होता.

शेतातून माणसं धावत आली. मला त्यांनी बाजूला केलं. कुणीतरी माझ्या हाताला ओढणी आवळून बांधली. मला वाटलं, आता हे त्याला पोलिसांकडे नेतील. त्यांनी त्याला तुटलेल्या माळांच्याच नायलॉन दोरीने अंगणातल्या विजेच्या खांबाला बांधलं आणि मारायला सुरुवात केली. आधी हातांनी, मग कुंपणाच्या काठ्यांनी. ज्यांच्याशी त्याचं भांडण नव्हतं तेही मारत होते. टपरीवर हसलेल्यांपैकी दोघे त्यात होते. एकजण मोबाइल धरून उभा होता. माझा नवरा जीपमधून उतरला, त्याने आईचं डोकं पाहिलं, माझा हात पाहिला आणि सरळ खांबाकडे गेला. त्याने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, परत घातली, पुन्हा घातली. बांधलेला माणूस आता ओरडतही नव्हता. प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडातून फक्त हवा बाहेर येत होती.

सासू डोक्याला पदर दाबून उठली. सावकाश चालत खांबापर्यंत गेली आणि त्या माणसाच्या पायाशी, पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकवून, खाली बसली. आता त्याला लाथ मारायची तर ती तिला लागली असती. नवरा तिला हाताला धरून उठवायला लागला. तिने हात सोडवून घेतला.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "हा मेला तर माझ्या अंगणात मेला असं होईल."

गर्दी एकदम पांगली नाही. थोडा वेळ माणसं काठ्या घेऊन तशीच उभी राहिली. मग एकाने दोरी सोडली. तो घसरत तिच्या बाजूला पडला.

तिघांनाही एकाच जीपमधून डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नेलं, कारण दुसरी गाडी नव्हती. तो मागच्या बाकावर आडवा, आम्ही समोर. रस्त्यातल्या वळणांवर तो सीटवरून सरकायचा तेव्हा सासू त्याच्या पट्ट्याला धरून त्याला वर ओढायची. माझ्याकडे बघत नव्हती. माझा नवरा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता.

माझी शीर कापली गेली होती. सासूच्या डोक्याला टाके पडले. त्या माणसाच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि एका डोळ्यात रक्त साकळलं होतं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा नवऱ्याने आईला आधीच समजावून ठेवलं होतं की फक्त कोयत्याचं सांगायचं, बाकी तो पळताना पडला म्हणायचं. तिने ऐकून घेतलं. मग पोलिसांना कोयत्याचं सांगितलं आणि खांबाचंही सांगितलं. कुणी बांधलं, कुणी काठ्या आणल्या. मुलाने लाथा मारल्या हेही.

वऱ्हांड्यात नवरा तिच्यावर ओरडला. परिचारिका बाहेर आल्या. सासू म्हणाली, "कोयता त्याने आणला. बांधलं आपण. मी दोन्ही पाहिलं."

पुढचे कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाड्यातल्या काहींनी आमच्या घरचं पाणी सोडलं. रात्री कुणीतरी आमच्या भातातल्या सीडींचे बांबू उपटून ओढ्यात टाकले. मोडलेलं खुराडं तसंच पडून होतं आणि अंगणात पाय टाकला की तुकडे लागायचे, कितीही झाडलं तरी.

दिवाळीनंतर त्या माणसाची बायको आली. मी तिला आधी ओळखलं नाही. बारीक, उन्हाने रापलेली, बोटं मिरची तोडून तोडून काळसर झालेली. वाणगावला आईबरोबर राहते, मिरचीच्या वाड्यांत कामाला जाते. आली ती नवऱ्याची बाजू मांडायला, असं आम्हाला वाटलं. ती ओटीवर बसली, पाणी प्यायली आणि तिने माझा बांधलेला हात पाहिला. मग स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. मनगटावर हाड वाकडं जुळलेलं होतं. आमचे दोघींचे हात थोडा वेळ तसेच शेजारी राहिले.

तिला सीडी हवी होती. दुसरी कॉपी आहे का, असं ती विचारत होती. लग्नानंतर दोन महिन्यांत तिचे वडील वारले होते आणि त्यांचा चालताबोलता असा काही पुरावा तिच्याजवळ नव्हता. लग्नात ते नाचले होते, एवढं तिला आठवत होतं.

मी एका हाताने गोणी उपसली. नवरा आधी दारातच उभा होता, मग तोही खाली बसला आणि शोधू लागला. नावं त्याच्याच अक्षरातली होती. सापडल्यावर त्याने पोत्याखालचा कॉम्प्युटर काढला, पुसला, जोडला. आम्ही चौघं त्याच्यासमोर बसलो.

हळद झाली, वरात झाली. स्टेजवर नवरदेवाने तिला पेढा भरवला. त्याने पेढा हाताच्या तळव्याने तिच्या तोंडात असा कोंबला की तिचं डोकं मागे गेलं. भोवतीची पोरं हसली. तिथे माझ्या नवऱ्याने एडिटिंग करताना आवाज टाकला होता, स्प्रिंग सुटल्यासारखा, टोंयऽऽ असा, आणि तो क्षण परत परत तीनदा दाखवला होता. लोकांना आवडायचं. तो सगळ्याच लग्नांत असं काहीतरी टाकायचा.

"इथे माझा ओठ फुटला होता," ती म्हणाली. "आतून. रक्त गिळलं मी. पेढ्याबरोबर."

पडद्यावर ती तोंडाला रुमाल लावून हसत होती. नवऱ्याने पुढे होऊन आवाज बंद केला. त्याचा चेहरा मी पाहिला नाही, तो पडद्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याची मान खाली गेली होती.

मग पडद्यावर तिचे वडील आले. बेंजो वाजवणाऱ्यांच्या गाडीसमोर एक उंच, सडपातळ माणूस, डोक्याला फेटा, दोन्ही हात वर करून एकटाच गोल फिरत होता. आवाज बंद होता, तरी त्याचा ठेका कळत होता. ती पडद्याच्या इतकी जवळ सरकली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. तिने विचारलं की एवढंच वेगळं काढता येईल का, बाकीचं नको. नवऱ्याने ते काढून तिच्या मोबाइलमध्ये टाकलं. तिने दाराशी उभं राहून पुन्हा एकदा पाहिलं आणि मग सासूला विचारलं की तो जिवंत आहे ना. सासू म्हणाली, आहे. तिने मान हलवली आणि पदर खोचून रस्त्याला लागली. पुढे दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून तिची सोडचिठ्ठी केली. लग्नातली भांडीही तिला परत मिळाली.

नवरा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या पुढ्यात चहा नेऊन ठेवला, तेवढंच. मग दोघं बोलायला लागली. त्यानंतर त्याने काही फोडलेलं मी पाहिलेलं नाही, पण राग आला की तो अजूनही उठून बाहेर जातो आणि खूप उशिरा येतो.

दोन्ही केसेस चालू आहेत, आमची त्या माणसावर आणि त्याची आमच्या माणसांवर. तारखेला आम्ही डहाणूला जातो. कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाक कमी, त्यामुळे कधी कधी तो आणि आम्ही एकाच बाकावर येतो. त्याचा फाटलेला कान नीट जुळला नाही, खालची पाळी लोंबते. मला तिकडे बघवत नाही, आणि न बघता राहवतही नाही. तो झाल्या प्रकाराबद्दल काही बोलत नाही. गेल्या तारखेला मात्र त्याने समोर बघत हळूच विचारलं की हात कसा आहे.

सासू आमच्या मधे बसली होती. तिने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या होत्या.

"दोन बोटं मिटत नाहीत," तिने त्याला सांगितलं. "मशीन बंद आहे. डाव्या हाताने शिकतेय."

मग आतून आमच्या केसचं नाव पुकारलं आणि तो, सासू आणि मी, आम्ही तिघं एकदमच उठलो.